मीटरवर डायोड तपासताना: झटका मशीनपासून सोलर पॅनलपर्यंत

बंद पडलेल्या चार्जरच्या किटवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या प्लेटवर, मल्टिमीटरच्या पिना टेकवायच्या, बीप वाजला की डायोड शॉर्ट म्हणायचं, नवा डायोड आणून डाग द्यायचा (सोल्डर करायचा), आणि चार्जर तरीही बंदच. गावोगावच्या दुरुस्तीत हा प्रकार सतत होतो. दोष मीटरचा नसतो. मीटर खरंच सांगतं, पण आपण त्याला कोणता प्रश्न विचारला हे लक्षात घ्यावं लागतं. किटवर लावलेला डायोड तपासताना मीटर एकट्या डायोडला तपासत नाही, त्याच्या आजूबाजूला जोडलेलं सगळंच तपासतं. डायोड तपासणीतलं मुख्य ज्ञान हेच आहे. बाकी सगळं दहा मिनिटांत शिकता येतं.

डायोडचं काम विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हसारखं आहे. एका बाजूने वाट देतो, उलट बाजूने अडवतो. ज्या पायातून करंट आत जातो तो अ‍ॅनोड, ज्यातून बाहेर पडतो तो कॅथोड. काळ्या डायोडवर पांढरी किंवा चंदेरी पट्टी असते, ती बाजू कॅथोडची. काचेच्या लहान डायोडवर पट्टी काळी असते. शेतीच्या सामानात सगळ्यात जास्त भेटतो तो १एन४००७, एक अँपिअर, एक हजार व्होल्टचा. दुकानात नुसतं ‘४००७’ म्हटलं तरी हातात ठेवतात.

मीटर लावणं

काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहून गेली असेल तर काहीच दिसणार नाही आणि चांगला डायोड ओपन, म्हणजे आतून तुटलेला, ठरेल. चकती डायोडच्या खुणेवर आणा, म्हणजे बाण आणि त्याच्या टोकाला उभी रेघ. काही मीटरमध्ये डायोड आणि बीप एकाच जागी असतात, तिथे बटण दाबून डायोडची खूण स्क्रीनवर आणावी लागते. नुसत्या बीपवर डायोड तपासू नका. बीप फक्त शॉर्ट सांगतो. डायोड ओपन आहे का, गळतो का (उलट बाजूने थोडा करंट सोडतो का), यातलं काहीही त्याला कळत नाही.

मग दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.०० किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. आकडा नाचत असेल तर वायर आतून तुटलेली आहे. बहुतेक वेळा ती पिनेच्या मुठीपाशी तुटते. पिना मोकळ्या ठेवल्यावर साध्या पिवळ्या ८३० जातीच्या मीटरमध्ये डावीकडे एकटा ‘१’ दिसतो, इतर मीटरमध्ये ‘ओएल’. दोन्हींचा अर्थ एकच, वाट बंद आहे. पुढे दोन्हीसाठी ‘ओएल’ असंच लिहिलं आहे. ८३० मीटर आकडा मिलिव्होल्टमध्ये दाखवतं, म्हणजे ५८० दिसलं तर ते ०.५८ व्होल्ट. स्क्रीनवर बॅटरीची खूण आली असेल तर आधी आतली ९ व्होल्टची बॅटरी बदला. उतरलेल्या बॅटरीवर मीटर चुकीचे आकडे अगदी ठामपणे दाखवतं.

डायोडच्या जागी चकती असताना मीटर स्वतःच्या बॅटरीतून साधारण एक मिलिअँपिअर करंट डायोडमधून सोडतं आणि त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज दाखवतं. लाल पिनेवर प्लस असतो. जुन्या काट्याच्या मीटरवर हात बसलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण त्या मीटरच्या ओहम रेंजवर प्लस काळ्या पिनेवर येतो आणि सगळा अंदाज उलटा होतो.

आधी करंट काढा

डायोड रेंजवर असलेलं मीटर चालू सर्किटला लावलं तर मीटर जाऊ शकतं आणि माणसालाही धोका असतो. प्लग काढा, बॅटरीची वायर सोडवा, सोलरची वायर सोडवा. तरीही काम संपत नाही. चार्जरमधला मोठा कॅपॅसिटर २३० व्होल्टवर चालताना ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो, आणि प्लग काढल्यावरही तसाच राहू शकतो. शेताच्या कुंपणाला लावायच्या झटका मशीनमधला कॅपॅसिटर त्याहूनही जास्त व्होल्टेजला भरतो. तो हाताला लागला तर जिवाशी खेळ आहे.

कॅपॅसिटर उतरवायला ४.७ किलोओहम, १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टन्स घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना जाड आवरणाची वायर आणि मगर क्लिप लावून हे एकदाच बनवून ठेवा. कॅपॅसिटरच्या दोन टोकांना तो पाच-दहा सेकंद लावून धरा, मग मीटर डीसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून मोजा. एक व्होल्टच्या खाली आल्याशिवाय डायोड रेंज लावायची नाही. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय सोडा. त्यात किटवरची पट्टी उडते, शेजारचा एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विचचं काम करणारा भाग) जातो, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

मोकळा डायोड

आधी सुटा, नवा ४००७ हातात घेऊन आकडे ओळखीचे करून घ्या. लाल पिन पट्टी नसलेल्या पायाला, काळी पट्टीच्या पायाला. ०.५ ते ०.६५ च्या मध्ये आकडा येतो. आता पिना उलट करा, ओएल यायला हवं. दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय डायोडबद्दल काहीही बोलायचं नाही. सुलट आकडा चांगला आला म्हणून उलट बाजू न बघता डायोड परत लावणं, ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

सगळ्या डायोडचा आकडा सारखा नसतो. शॉट्की जातीचा डायोड, म्हणजे १एन५८१९, १एन५८२२ किंवा चार्जरच्या आउटपुटला असणारे तीन पायांचे, ०.१५ ते ०.३५ दाखवतो. ज्याला हे माहीत नाही तो चांगला शॉट्की ‘अर्धा शॉर्ट’ म्हणून फेकतो. जुन्या रेडिओतला जर्मेनियम डायोडही ०.२ ते ०.३ च्या आसपास असतो. लाल एलईडी १.६ ते १.८ दाखवते आणि मंद पेटते. पांढऱ्या आणि निळ्या एलईडीला अडीच व्होल्टच्या वर लागतं. साध्या मीटरकडे एकूण तीनच व्होल्ट असतात, त्यामुळे पांढरी एलईडी कधी पुसट पेटते, कधी नुसतं ओएल येतं. तेवढ्यावरून तिला मेलेली ठरवू नका. बल्बच्या प्लेटवरच्या काही एलईडीच्या पोटात दोन-तीन एलईडी सिरीजमध्ये असतात, त्या तर या मीटरवर कधीच पेटत नाहीत.

आकड्यावर तापमानाचाही परिणाम होतो. सिलिकॉन डायोडचा व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतो. हिवाळ्यात सकाळी १५ अंशात ०.६० दाखवणारा तोच डायोड मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत ०.५४ दाखवेल. अकोल्या-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काम करणाऱ्याला हा फरक रोज दिसतो, आणि त्यात डायोडचा काही दोष नाही. डाग काढून लगेच मोजलं तर आकडा आणखी खाली दिसतो. डायोड पूर्ण थंड होऊ द्या. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच नंबरचा नवा डायोड शेजारी ठेवून दोन्ही लागोपाठ मोजणं. २० मिलिव्होल्टचा फरक सोडून द्या. १०० चा असेल तर जुना बदला.

पायांवर काळपट थर असेल तर आधी ब्लेडने खरवडून घ्या. कीटकनाशकाच्या वाफेत राहिलेल्या फवारणी पंपाच्या किटवर हा थर हमखास असतो. नुसत्या थरामुळे ओएल येतं आणि डायोडवर आळ येतो.

बिघडलेला कसा दिसतो

दोन्ही बाजूंनी ०.०० आणि बीप म्हणजे शॉर्ट. डायोडला झेपेल त्याहून जास्त करंट गेला की तो बहुतेक असाच जातो. दोन्ही बाजूंनी ओएल म्हणजे ओपन. शॉर्ट झाल्यावरही करंट वाहत राहिला तर आतली जोडणी जळून डायोड शेवटी ओपन होतो, अशा वेळी अंगावर तडा किंवा खाली किट काळी पडलेली दिसते. हे दोन बिघाड सोपे आहेत.

अवघड आहे तो गळका डायोड. सुलट आकडा ठीक, पण उलट बाजूने ओएलऐवजी दोन-अडीच व्होल्टचा आकडा येतो. गळती अगदी थोडी असेल तर ती डायोड रेंजवर दिसत नाही. मग मीटर २००० किलोओहमवर ठेवून उलट बाजूने मोजा. चांगला सिलिकॉन डायोड तिथेही ओएल दाखवतो. मोजताना दोन्ही पाय बोटांत धरू नका. घामेजल्या हातातून काही शे किलोओहमची वाट तयार होते आणि आपल्याच शरीराची गळती डायोडच्या नावावर जाते.

ही ओहम रेंजही डायोडवर फारच थोडा व्होल्टेज देते. खरी गळती बघायची तर फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी कामाला लावा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॅटरीचा प्लस डायोडच्या पट्टीच्या पायाला, डायोडचा दुसरा पाय मीटरच्या लाल पिनेला, आणि मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला. म्हणजे डायोड उलटा आहे आणि त्यातून जे काही गळेल ते मीटरमधून जाणार आहे. ८३० मीटरचा आतला रेझिस्टन्स एक मेगाओहम असतो, त्यामुळे स्क्रीनवरचा प्रत्येक व्होल्ट म्हणजे एक मायक्रोअँपिअर गळती. तुमचं मीटर दहा मेगाओहमचं असेल तर एक व्होल्ट म्हणजे त्याचा दहावा भाग. चांगल्या ४००७ वर जवळजवळ शून्य दिसतं. सात-आठ व्होल्ट दिसले तर तो डायोड गळका आहे. शॉट्कीला मात्र हा निकष लावू नका. तो जन्मतःच गळतो, नवा शॉट्कीही इथे बॅटरीचा बराचसा व्होल्टेज दाखवेल.

किटवर लावलेला डायोड

नियम एकच: संशय असेल तर एक पाय मोकळा करा. दोन्ही काढायची गरज नाही. एका पायाचा डाग सोल्डर ओढायच्या पंपाने ओढून घ्या, पाय वर उचला, मग मोजा. आधी किटवरच मोजून बघायला हरकत नाही, त्यातून शॉर्ट पटकन सापडतो. पण त्या आकड्यावर निकाल द्यायचा नाही. का, ते नेहमी भेटणाऱ्या ठिकाणांवरून कळेल.

मोटारच्या ऑटो स्टार्टरमध्ये रिलेच्या कॉइलला आडवा एक डायोड असतो. १२ व्होल्टच्या लहान चौकोनी रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते. मीटरचा एक मिलिअँपिअर त्या ४०० ओहममधून गेला की ०.४ व्होल्ट दिसतो, दोन्ही बाजूंनी. डायोडला चालू व्हायला ०.५ च्या वर लागतं, म्हणून तो या मोजणीत येतच नाही. डायोड चांगला असो की ओपन, मीटर ०.४ च दाखवणार. तो ओपन असेल तर रिले सुटताना कॉइलमधून निघणारा जोराचा व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर जातो. ट्रान्झिस्टर बदलला, आठ दिवस चालला, परत गेला, अशी तक्रार असेल तर या डायोडचा पाय उचलून बघा.

ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये चार डायोडचा ब्रिज असतो. ब्रिजच्या दोन एसी टोकांना ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जोडलेलं असतं, ते एक-दोन ओहमचं, म्हणजे मीटरच्या नजरेत सरळ शॉर्ट. त्यामुळे दोन डायोड एकमेकांना समांतर येतात आणि त्यातला एक ओपन असला तरी दुसरा त्याला झाकून घेतो. चार्जर अर्ध्या ताकदीने चालतो, बॅटरी रात्रभरात भरत नाही, आणि डायोड मात्र चारही चांगले दिसतात. ट्रान्सफॉर्मरची एक वायर काढली की चारही वेगवेगळे तपासता येतात.

कॅपॅसिटर जोडलेला असेल तर आकडा शून्यापासून हळूहळू वर चढतो. १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एका मिलिअँपिअरवर सेकंदाला एक व्होल्ट भरतो, म्हणजे तीन सेकंदांत ओएल. मोठा असेल तर जास्त वेळ. पिना टेकवून लगेच उचलल्या तर ही चढण शॉर्टसारखी दिसते. आकडा थांबेपर्यंत धरून ठेवा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. स्टार्टरच्या पेटीत मुंग्या घर करतात, पाल मरून पडते, किटवर ओल आणि खताची धूळ साचते. ओल्या धुळीतून करंट जातो आणि उलट बाजूला खोटी गळती दिसते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने किट साफ करा, उन्हात तासभर वाळू द्या, मग मोजा. कित्येकदा एवढ्यानेच बिघाड संपतो.

ब्रिज

एकाच डब्यातला ब्रिज असेल तर त्यावर प्लस, मायनस आणि दोन नागमोडी खुणा असतात. लाल पिन मायनसवर ठेवून काळी पाळीपाळीने दोन्ही नागमोडी टोकांवर, दोन्हीकडे ०.५ ते ०.६ च्या आसपास. मग काळी पिन प्लसवर ठेवून लाल दोन्ही नागमोडी टोकांवर, परत तेच. हे झाले चार डायोड सुलट. आता चारही मोजण्या पिना उलट करून, प्रत्येक वेळी ओएल. शेवटी लाल मायनसवर, काळी प्लसवर: दोन डायोड सिरीजमध्ये आल्यामुळे १.० ते १.२. चार आकड्यांत एखादाच ०.०५ पेक्षा जास्त वेगळा असेल तर तो ब्रिज पुन्हा लावू नका. चार सुट्या डायोडचा ब्रिज असेल आणि त्यातला एक शॉर्ट झाला असेल, तर चारही बदला. शॉर्टच्या वेळी शेजाऱ्यातूनही तेवढाच करंट गेलेला असतो, आणि ४००७ एवढा स्वस्त आहे की तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरमधल्या डायोड प्लेटचंही असंच आहे. तिथे तीन फेजसाठी सहा मुख्य डायोड असतात. स्टेटरच्या वायरी सोडवल्याशिवाय ते तपासू नका, कारण वाइंडिंग तिन्ही फेज एकत्र बांधून टाकतं.

झटका मशीन

रानडुक्कर आणि रोह्यांपासून वावर राखायला झटका मशीन आता जवळजवळ प्रत्येक शिवारात आहे. बहुतेक मशीनमध्ये १२ व्होल्टपासून काही शे व्होल्ट तयार होतात, ते एका डायोडमधून कॅपॅसिटरमध्ये भरतात, आणि सेकंदभराने एससीआर तो कॅपॅसिटर आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करतो. टिकटिक येते पण झटका कमजोर, किंवा टिकटिकच बंद, अशा वेळी हा भरणारा डायोड तपासण्याच्या यादीत वर असतो.

इथे मीटरची मर्यादा कळून घ्यावी लागते. या जागी एफआर१०७ किंवा यूएफ४००७ असा फास्ट डायोड असतो, कारण ट्रान्सफॉर्मर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो. साधा ४००७ बंद व्हायला वेळ लावतो, तेवढ्या वेळात करंट उलटा वाहतो, डायोड तापतो आणि काही दिवसांत जातो. पण मीटरवर एफआर१०७ आणि ४००७ अगदी सारखे दिसतात. दोघंही ०.५ ते ०.६, दोघंही उलट बाजूने ओएल. म्हणून नंबर वाचूनच बदला. नंबर पुसला असेल आणि जागा छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरच्या नंतरची असेल, तर फास्टच लावा.

दुसरी मर्यादा व्होल्टेजची. मीटर तीन व्होल्टवर तपासतं. तीन व्होल्टला अडवणारा डायोड चारशे व्होल्टला फुटू शकतो, आणि जूनमधल्या विजांनंतर असे डायोड बरेच सापडतात. मीटरवर निर्दोष, मशीनमध्ये लावला की झटका नाही. तो पकडायला घरी साधन नाही. त्याच नंबरचा नवा लावून बघणं हीच त्याची तपासणी.

आणि एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मशीन दुरुस्तीला गेलं म्हणून दोन रात्रींसाठी तारेत डीपीवरून थेट करंट सोडू नका. झटका मशीनचा ठोका क्षणभराचा असतो आणि मापात बांधलेला असतो. लाइनचा करंट तसा नसतो, तो माणूस, बैल आणि वन्यप्राणी सगळ्यांना मारतो, आणि तो गुन्हाही आहे. मशीन येईपर्यंत राखण करा, शेजाऱ्याचं मशीन जोडा, पण हे करू नका.

सोलर पॅनलचा बायपास डायोड

पॅनलच्या मागच्या काळ्या डब्यात साधारण तीन डायोड असतात, प्रत्येक डायोड पॅनलच्या एक तृतीयांश सेल सांभाळतो. सावली पडली की करंट त्या भागाला वळसा घालून जातो. वीज जवळ पडली किंवा झाडाची सावली रोज एकाच भागावर राहिली की हे डायोड जातात, बहुतेक शॉर्ट होतात.

शॉर्ट झालेला डायोड डबा न उघडता कळतो. सोलर पंपाचा कंट्रोलर बंद करा, डीसीचा आयसोलेटर बंद करा, त्यानंतरच पॅनलचे कनेक्टर सोडवा. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही, हात भाजतो. आता एकाच पॅनलच्या दोन टोकांवर डीसी २०० व्होल्टच्या रेंजवर मोजा. ६० सेलचा पॅनल ३६ ते ३८ व्होल्ट देतो, मेच्या उन्हात तापलेला असेल तर ३३ च्या आसपास. एक बायपास शॉर्ट असेल तर यातला तिसरा भाग गायब होतो आणि २२ ते २५ दिसतात. शेजारचा पॅनल त्याच वेळी मोजा, तुलना तिथेच होते. पूर्ण ओळ मात्र साध्या मीटरने मोजू नका. आठ पॅनल सिरीजमध्ये म्हणजे ३०० व्होल्ट डीसी, आणि स्वस्त मीटरच्या वायरींवर तेवढा भरवसा ठेवणं बरं नाही.

ओपन झालेला डायोड मात्र डबा उघडूनच सापडतो. पॅनलवर उजेड असेपर्यंत तो स्वतःच व्होल्टेज देतो आणि डायोड रेंजवरचे आकडे निरर्थक ठरतात. अंधार पडल्यावर करा, किंवा ताडपत्री दुहेरी करून पॅनल पूर्ण झाका, आणि आधी डीसी व्होल्ट शून्याजवळ असल्याची खात्री करा. रात्री टॉर्चचा उजेड डब्यावर ठेवा, काचेवर नको. लाल पिन डायोडच्या पॅनल मायनसकडच्या पायाला, काळी प्लसकडच्या पायाला. डायोड शॉट्की असल्यामुळे ०.२ ते ०.३५ यायला हवं. तिघांची आपसात तुलना करा. डब्यात रबरासारखा मसाला भरलेला असेल तर खरवडत बसू नका, आणि पॅनल सरकारी योजनेतला, हमीच्या मुदतीत असेल तर डबा उघडूच नका. बाहेरून घेतलेले दोन पॅनलचे आकडे लिहून पुरवठादाराकडे तक्रार द्या.

झेनर

झेनर हा उलट बाजूने ठरलेल्या व्होल्टेजला वाट देणारा डायोड. मीटरच्या डायोड रेंजवर तो साध्या डायोडसारखाच दिसतो, सुलट ०.६ ते ०.७, उलट ओएल. तो १२ चा आहे की ५.१ चा हे त्यातून कळत नाही. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून १८ व्होल्ट करा, प्लसला एक किलोओहमचा रेझिस्टन्स, त्याचं दुसरं टोक झेनरच्या पट्टीच्या पायाला, झेनरचा दुसरा पाय मायनसला. झेनरच्या दोन पायांवर डीसी व्होल्ट मोजले की त्याचा खरा आकडा मिळतो. १२ चा झेनर ११.५ ते १२.५ दाखवेल. १८ च दिसले तर तो ओपन आहे, ०.७ दिसले तर तुम्ही उलटा लावला आहे.

लोडवर तपासणी आणि बदलणं

एक मिलिअँपिअरवर चांगला दिसणारा पॉवर डायोड खऱ्या करंटवर ढेपाळू शकतो, आतली जोडणी सैल झाली असेल तर हमखास. त्यासाठी १२ व्होल्टची बॅटरी, ५ वॉटचा गाडीचा पार्किंग बल्ब आणि डायोड सिरीजमध्ये जोडा. पट्टी मायनसकडे असेल तर बल्ब पेटतो. पेटलेला असताना डायोडच्या दोन पायांवर डीसी व्होल्ट मोजा. ४००७ वर ०.८ ते ०.९ ठीक. दीड व्होल्टच्या वर किंवा बोटाने हलवल्यावर आकडा उडत असेल तर डायोड बाद. उलटा लावल्यावर बल्ब अजिबात पेटू नये. २१ वॉटचा बल्ब ४००७ साठी वापरू नका, तो पावणेदोन अँपिअर ओढतो.

बदलताना करंट आणि व्होल्टेज दोन्ही मूळच्या इतके किंवा जास्त असायला हवेत. तीन अँपिअरला १एन५४०८, सहाला ६ए१०. शॉट्कीच्या जागी शॉट्कीच. त्याचा व्होल्टेज कमी असतो, १एन५८२२ फक्त ४० व्होल्टचा, तो मेनच्या (२३० व्होल्टच्या) बाजूला कधीच लावायचा नाही. तीन अँपिअर आणि त्यावरचे डायोड किटपासून अर्धा सेंटिमीटर वर उचलून लावा, पायांतून उष्णता निघते आणि किट जळत नाही. जुना काढायच्या आधी पट्टीची बाजू किटवर मार्करने खूण करून ठेवा. नेहमी छापील खुणेवर अवलंबून राहता येत नाही.

डायोड शॉर्ट सापडला की त्याच्या पुढचं मोजल्याशिवाय नवा लावू नका. ब्रिज शॉर्ट असेल तर त्यानंतरचा कॅपॅसिटर फुगलाय का, स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का. बॅटरीच्या इनपुटला आडवा लावलेला डायोड शॉर्ट असेल तर बॅटरी कोणीतरी उलटी जोडली होती, फ्यूज बघा आणि वायरींवर लाल-काळी टेप लावा.

पहिल्यांदा चालू करताना मेनच्या फेजमध्ये ६० वॉटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी बल्ब चालत नाही. चार्जर लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला तर आतला कॅपॅसिटर भरला आणि सर्किट ठीक आहे. तसाच प्रखर पेटत राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. प्लग काढा, कॅपॅसिटर उतरवा, आणि ब्रिजच्या प्लस-मायनसपासून मोजणी पुन्हा सुरू करा.